खिडकीची जागा

पेडणे, गोवा

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

उद्या तुझी आई नारळ घेऊन पर्वरीला येतेय, तिच्या पिशवीत हे पत्र टाकतो. फोनवर बोललो असतो, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि तुझी तान्ही बाय तो मध्येच चाटायला घेते. शिवाय त्यातलं एक चारजणांत माझ्या तोंडून निघायचं नाही.

आधी कामाचं. मस्कतला जायचं तर बायचा पासपोर्ट वेळेत आला, बरं झालं. पाच वर्षं चालेल, फोटोतली ती गोळी तोवर ओळखू येणार नाही म्हणा. काय नाटकं झाली त्या फोटोसाठी! गादीवर पांढरी चादर, चादरीवर बाय, तू स्टुलावर उभा, मानसी खुळखुळा वाजवतेय आणि हिची नजर पंख्यावर. तुझ्या वेळी ही कटकट नव्हती. तुझं नाव आईच्याच पासपोर्टात चढवलं होतं.

शंभर मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला लावत नाहीत. सिक्युरिटीला बाटली आपणहून बाहेर काढून दाखवायची, बॅगेत लपवल्यासारखी ठेवायची नाही. कपडे एक जोड बायचा आणि एक मानसीचाही हातातल्या बॅगेत असू दे. बाळ ओकतं ते आईच्या अंगावर. तुझ्या आईने गुटीची डबी भरून ठेवलीय: वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, वर सहाण. डॉक्टरीणबाईंनी गुटी केव्हाच बंद करायला सांगितली, तरी डबी निघाली आहे मस्कतला. वर खसखशीचे लाडू! आखातात कित्येक ठिकाणी खसखशीला अफूच्या पंगतीला बसवतात, दुबईत तर बंदीच आहे. लाडू मी आताच खायला घेतलेत. डबीचं तू बघ.

विमान रात्रीचं आहे, तेव्हा दुपारीच इकडे या. पूर्वी दाबोळीच्या विमानतळावर जायचं तर पणजी, झुआरीचा पूल, अर्धा दिवस रस्त्यात. आता मोपाच्या सड्यावरून विमान उठलं की आपल्या अंगणातून दिवे दिसतात.

आता ते दुसरं.

१९९४ सालचा ऑक्टोबर. मी मस्कतमध्ये, रुवीत एका दुकानाच्या हिशेबाला होतो. रजा संपवून परतताना तुम्हा दोघांना घेऊन निघालो. कोकण रेल्वे व्हायची होती. रात्रभर बसने मुंबई, तिथून सहारचा विमानतळ. तू नऊ महिन्यांचा. बसमध्ये शहाण्यासारखा झोपलास, विमानातही जेवणाचे ट्रे उचलेपर्यंत चूं केलं नाहीस. मग विमान खाली यायला लागलं आणि तू टाहो फोडलास. निळा पडायला आलास. पुढच्या तीन रांगांतल्या माना वळल्या. कोणी काही बोललं नाही, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी दातओठ खात तुझ्या आईला म्हटलं, ‘‘गप्प कर त्याला, लोक बघतायत.’’

ती थोपटत होती, पदराने वारा घालत होती, घामाने डबडबली होती. पाजायचं तिच्या मनात होतं, पण एका बाजूला परका पुरुष आणि दुसऱ्या बाजूला मी, खिडकीत. वरून समुद्र कसा दिसतो ते बघायला मी खिडकी घेतली होती. शेवटी मागच्या रांगेतली एक मल्याळी नर्सबाई पुढे वाकून मलाच म्हणाली, ‘‘तिला आत बसू द्या, बाळाला पाजू द्या.’’ जागा बदलली. चार घोट पोटात गेले आणि तू गप्प.

तुझी आई हा किस्सा अजून हसत सांगते. त्यात नर्सबाई असते, तुझं रडणं असतं. ‘लोक बघतायत’ एवढं वाक्य ती गाळते. तीस वर्षं गाळतेय.

नर्सबाईने नंतर सामानाच्या पट्ट्यापाशी समजावलं. कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. विमान चढताना आतली हवा सहज निसटते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळी मिटलेली असते आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. गिळलं की नळी उघडते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाला पाजावंच लागतं. विमानात दाब राखतात, पण तो सहा-आठ हजार फुटांवर असतो तेवढाच, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. तेव्हा बायला जेवणाच्या वेळी पोटभर पाजू नका, थोडी भूक राहू द्या. उतरायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं. हवाईसुंदरीला सांगून ठेवा. झोपली असेल तरी उठवून पाजा, डोकं जरा वर धरून. नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधीच डॉक्टरीणबाईंकडे न्या.

खिडकी मानसीला. मधली जागा तुझी. आणि इतकं करूनही बाय रडली तर तिला आधी तू उचल. मानसीकडे बघू नकोस. मी पलीकडच्या रांगेत असेन, माझ्याकडेही बघू नकोस.

मस्कतचं घड्याळ दीड तास मागे. बाय रोजच्यासारखी सहाला उठली तर तिथे साडेचार वाजलेले असतील. पहाटेची ती पाळी माझी. दुपारी ती निजेल तेव्हाही मी खोलीवर बसेन. तुम्ही दोघं जुन्या मस्कतला जाऊन या, जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे किल्ले बघा. ज्या अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला, त्याने तीन वर्षं आधी मस्कत जाळलं होतं. ओमानच्या लोकांनी पोर्तुगीजांना मस्कतमधून १६५० मध्येच घालवलं. आपल्याकडे १९६१ उजाडलं. मी ते किल्ले शंभरदा पाहिलेत, माझी काळजी नको.

पाकीट चिकटवलेलं नाही. तुझ्या आईने वाटेत वाचलं तर वाचू दे.

तुझा,
बाबा