माझ्या खोलीत बाबांचा पलंग टाका

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई "आधी जेवलीस का ते सांग" म्हणते आणि बाबा "हिच्याशी बोल" म्हणून सुटतात. म्हणून लिहिते आहे. गेल्या सोमवारी मी सही केली. 12 वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल कोच, दोन वर्षांसाठी. म्हणजे मी परत येत नाहीये. निदान इतक्यात तरी नाही.

गुडघा गेला की घरी येईन, हे मीच म्हणाले होते. तुम्ही कधी मागितलं नव्हतं. तेच जास्त लागतं.

बाबा, "मास्तरकी धरली म्हणजे खेळ संपला" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. संपलाच आहे हो. दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच मला कळलं होतं. पण या पोरींकडून मी फिफाचा '11 प्लस' वॉर्म-अप करून घेते. वीसेक मिनिटांचा असतो. धावायचं, मग ताकद आणि तोल, उडी मारून उतरताना गुडघा आत वळू द्यायचा नाही, मग पुन्हा धावायचं. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींवर तो तपासला होता, 2008 मध्ये निष्कर्ष आले. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, मुलांपेक्षा मुलींचं जास्त तुटतं, हे मला माझं तुटल्यावर समजलं. त्यांना आधी समजावं एवढंच.

आणि आई, तू जिंकलीस. बॉल हवेत गेला की तू डोळे मिटायचीस आणि मी चिडायचे. अमेरिकेत 2015 पासून 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, बंद आहे. इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयाला सरावात हेडर नाही. मेंदूची काळजी म्हणूनच. मीही माझ्या मुलींना बॉल छातीवर घ्यायला, पायाशी थांबवायला शिकवते. बॉलही चार नंबरचा, नऊ-नऊच्या मॅचला तोच. बाबा, तुम्ही मला आठव्या वर्षी पाच नंबरचा आणला होतात, मोठ्यांचा, 400 ग्रॅमच्या वरचा! अंगठ्याचं नख गेलं तरी मी तो उशाशी घेऊन झोपले. रागावत नाहीये. तसला बॉल परत कुणी आणला नाही.

खरं कारण अजून सांगितलंच नाही. माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी आहे, आई-वडिलांबरोबर नुकतीच या देशात आली. सराव करते, पण कित्येक आठवडे मॅच नाही, कारण आधीच्या देशाच्या फेडरेशनकडून कागद यायचे होते. अठराच्या आतल्या खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदवायला फिफाची बंदी आहे, अपवाद मोजके. आई-वडील फुटबॉलसाठी नव्हे तर दुसऱ्याच कारणाने आले, हे दाखवावं लागतं. नियम चांगला आहे, लहान पोरांना आमिष दाखवून पळवतात म्हणून केलेला. पण बाकावर बसलेल्या पोरीला हे कसं समजवायचं? तिला भाषा येत नाही. पहिल्या दिवशी तिने नुसतं माझ्या बुटांकडे पाहिलं. मी इथे आले तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये सहा महिने मीही बुटांकडेच पाहत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. फोनवर "मस्त चाललंय" म्हणायचे. आता सांगून टाकलं. मागच्या शनिवारी कागद आले, ती खेळली. आम्ही हरलो.

माझी काळजी करू नका. घर उबदार आहे, मैदान चालत वीस मिनिटांवर, पगार खेळताना होता त्याहून कमी, पण दर महिन्याला येतो. जेवण स्वतः करते. गुडघा थंडीत दुखतो, एवढंच, आणि तो तर आईचाही दुखतो.

म्हणून ऐका. आई, ओट्याला धरून रोज एका पायावर तीस सेकंद, मग दुसऱ्या. माझ्या पोरी करतात, तू का नाही? बाबा, तुम्ही धरल्याशिवाय करायचं नाही, बढाई नको. बीपीची गोळी सकाळची सकाळीच, "नंतर घेतो" चालणार नाही. तपासणीचे रिपोर्ट मला पाठवायचे, सगळे, चांगले तेवढेच निवडून नाही.

आणि जिना. मी येईन तेव्हा लागेल म्हणून तुम्ही खालची खोली तशीच ठेवली आहे, मला ठाऊक आहे. येईन मी, सुट्टीत नक्की येईन, बाहेर गादी टाकून झोपेन. पण माझ्या खोलीत बाबांचा पलंग टाका, याच आठवड्यात. कप आणि ढाली माळ्यावर ठेवून द्या. बाबांनी शिडीवर चढायचं नाही. शेजारच्या पोराला बोलवा.

तुमची,
ठमी