माझा प्रश्न फळ्यावर तसाच ठेवलात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

तुमच्या आधी गतीचे नियम मला शिकवले गेले ते असे: "बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. लिहून घ्या, हमखास येतं." तिसरा नियम आला तेव्हा मी उभी राहून विचारलं होतं, "क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतील, तर त्या एकमेकींना खोडून टाकतील ना? मग काहीही हलतं कसं?" उत्तर मिळालं, "हे परीक्षेला विचारत नाहीत." क्लासमध्ये हाच प्रश्न काढला, तर "फार डोकं चालवू नकोस." भौतिकशास्त्र हा आपला विषयच नाही, असं मनाशी धरून मी कितीतरी काळ गप्प बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग तुम्ही आलात. प्रश्न ऐकलात, आणि लगेच उत्तर दिलं नाहीत. खडू घेतलात, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात माझं वाक्य माझ्याच शब्दांत लिहिलंत, एक अक्षरही न सुधारता, आणि त्याभोवती चौकट काढून खाली लिहिलंत, "पुसू नये." दुसऱ्या दिवशी ते तिथेच होतं. इतर विषयांचे तास झाले, बाकीचा फळा कितीदा भरला आणि पुसला गेला, पण चौकटीला कुणी हात लावला नाही. मॅडम, तुमच्या सगळ्या शिकवण्यात मला सर्वांत मोठी वाटते ती ही चौकट. आपण विचारलेलं काहीतरी फळ्यावर राहण्याच्या लायकीचं आहे, हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

मग तुम्ही दोन ताणकाटे, म्हणजे ओढलं की बल किती ते दाखवणारे स्प्रिंगचे काटे, एकमेकांत अडकवून आमच्या हातात दिलेत. वर्गातल्या सर्वांत दणकट मुलाने एक ओढला, मी दुसरा नुसता घट्ट धरून ठेवला. दोन्ही काटे एकाच आकड्यावर. त्याने आणखी जोर लावला, तरी दोन्हींवर सारखंच. तुम्ही फक्त विचारलंत, "कुणी? कुणावर?" आणि तिथेच उलगडलं. माझ्या काट्याने त्याचा काटा ओढला, त्याच्या काट्याने माझा. बलं दोन, पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर, मग एकमेकींना खोडणार कशी? एखादी वस्तू हलेल का, हे ठरतं फक्त तिच्यावरच्या बलांच्या बेरजेवरून. तिने दुसऱ्यावर लावलेलं बल त्या हिशेबात येतच नाही.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूचं चित्र वेगळं काढायची सवय लागली. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने त्याला दिलेला आधार ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, हेही त्यातूनच कळलं. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत! वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणं. शंभर ग्रॅमचं सफरचंद पडताना पृथ्वीला साधारण 1 न्यूटन बलाने ओढतं, पृथ्वीही त्याला तेवढ्याच बलाने. पण पृथ्वीचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं इतके किलोग्रॅम, त्यामुळे तिचं त्वरण जवळपास शून्य, आणि सफरचंदाचं मात्र सेकंदाला 9.8 मीटर प्रतिसेकंद. बल सारखं, वस्तुमान वेगळं, म्हणून त्वरण वेगळं. पाठ केलेलं सूत्र मला पहिल्यांदा खरं वाटलं ते इथे.

ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, ही ॲरिस्टॉटलची समजूत जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून ती हलवली, आणि न्यूटनचे नियम छापून आले ते 1687 साली. माणसाला जे समजायला एवढा काळ लागला, ते मुलांना एका तासात पटावं आणि पटलं नाही तर त्यांनी गप्प बसावं, ही अपेक्षा कसली? हुशार शिक्षक बरेच भेटतात. पण समोरच्याच्या अडचणीला मान देणारी, तिच्यापाशी घाई न करता थांबणारी माणसं कुठल्याही कामात विरळाच. ती भेटली की माणसाचा कणा सरळ होतो.

आता नवा प्रश्न सतावतोय. दुसऱ्या नियमातलं वस्तुमान त्वरणाला विरोध करतं, गुरुत्वाकर्षणातलं वस्तुमान ओढलं जातं. कामं दोन, मग आकडा एकच का? तो एकच असल्यामुळे तर 1971 साली अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर सोडलेला हातोडा आणि पीस एकदमच खाली पडले. आइनस्टाइननेही याच बरोबरीचा धागा धरला, एवढं वाचलंय, पण समाधान झालेलं नाही. पुढच्या महिन्यात भेटायला येतेय. फळ्याचा एक कोपरा रिकामा ठेवाल ना?

तुमची विद्यार्थिनी