बॅटरीला कुणाची सही लागत नाही

केरी, सत्तरी
रविवार

प्रिय उदय,
स. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर तू वाक्य पुरं होऊ दिलं नसतंस, म्हणून कागद घेतला. घरात बॅटरी आली. सोलर पॅनेल नाहीत, नुसती बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन, बॅटरी आणि पुढे पॅनेल आले तर तेही सांभाळणारा. फर्मागुडीला कॉलेजच्या कँटीनमध्ये "ग्रीड, म्हणजे खात्याची लाईन, हीच खरी बॅटरी, बाकीचे पैसे पाण्यात" असं टेबल आपटून सांगणाऱ्या माणसाला ही बातमी आधी कळवायला हवी, आणि ऐकून तो तीनदा पाणी पिणार हेही मला ठाऊक आहे. माझा मल्टिमीटर तुझ्याकडेच आहे ना अजून?

आई बरी आहे, गुडघा सोडून. मीही बरा.

आता मुद्दा. निघालो होतो पॅनेलच घ्यायला. ३ किलोवॅटला सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. बॅटरीवर त्यातला एक पैसा नाही. म्हणजे हिशेबाने आधी पॅनेल, मग जमलं तर बॅटरी. पण विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर येतं, तिथेच अडलं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झालेली नाही. नाव बदलायचं तर सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या, आणि आपल्या गोव्यात वाटेकरी म्हटलं की सुना-जावईही आले. बाकी सगळे तयार आहेत. काका नाहीत.

त्यांचं म्हणणं सरळ आहे: कौलांवर माणूस चढला की पुढचा पावसाळा घरभर भांडी मांडून काढायचा. त्यात खोटं काही नाही. ३ किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते, आणि आपले वासे किती जुने आहेत ते तू पाहिलंयस. लोखंडी सांगाडा स्वतंत्र खांबांवर उभा करू म्हटलं, तर खांब कुणाच्या अंगणात, हा पुढचा प्रश्न.

सही अडली म्हणून मी नुसता बसून राहिलो नाही, इथली वीज कधी जाते ते नीट पाहिलं. ती जाते जून ते सप्टेंबर. फणसाची फांदी तारेवर आली की गेली. म्हणजे नेमकी ज्या दिवसांत ऊन नसतं त्याच दिवसांत. वाळपईकडे शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा छपरावर पॅनेल असले तरी किती देणार? आणि तुझा साधा ग्रीड-टाय, म्हणजे बॅटरीविना नुसता लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर तर वीज गेली की स्वतःच बंद होतो, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. खांबावरच्या लाईनमनच्या जिवासाठी ते योग्यच आहे, पण घरात अंधार तो अंधारच. पावसाळ्यात बॅटरी भरायची ती वीज खात्याच्याच विजेवर, ती येते त्या मधल्या चार तासांत. ऊन तिच्या कामाला येईल ते उरलेले आठ महिने. मग बॅटरी आधी आली म्हणून काय बिघडलं? तुझी ग्रीड मी सोडलेली नाही, फक्त ती नसतानाची सोय केली. यावर वाद घालायचा तर पुण्याहून इथे येऊन घाल.

फोंड्याचा विक्रेता ट्युब्युलर, म्हणजे पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, घ्या म्हणून मागे लागला होता. १५० अँपिअर-अवरच्या चार, ४८ व्होल्टला. कागदावर ७.२ युनिट, पण टिकवायच्या तर निम्मीच वापरायची, वर पाणी घालत बसायचं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून हवेशीर जागा शोधायची. मी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. पाच युनिटांतली साडेचार बिनघोर मिळतात. रात्रीचा हिशेब असा मांडला: कमी वीज खाणारे बीएलडीसीचे चार पंखे सव्वा युनिटाच्या आत, फ्रीज अर्धा-पाऊण, दिवे आणि राऊटर किरकोळ, आणि इन्व्हर्टर स्वतः सतत चाळीस-पन्नास वॅट खातो तो रात्रभरात अर्धा युनिट. हे शेवटचं कुणी सांगत नाही, मीटर लावून मीच मोजलं. सगळं अडीच-तीनमध्ये बसतं.

बाबलोला विहिरीचा पंप त्यावर हवा होता. एक एचपी म्हणजे ७५० वॅट, पण सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो. मी नाही म्हटलं, पंप वेगळ्या डीबीवर, म्हणजे फ्यूजच्या वेगळ्या पेटीवर, ठेवला. चार दिवस बोलत नव्हता. तुझ्यासारखाच आहे, भूक लागली की आपोआप बोलायला येतो.

बसवणाऱ्या पोराने बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधली कम्युनिकेशनची केबल आणलीच नव्हती. सेटिंग लेड-ॲसिडचं, इक्वलायझेशन, म्हणजे बॅटरीला मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, चालू. पडद्यावर टक्के भलतेच. मी त्याला तसाच बसवला, केबल येईपर्यंत चहा पाजला आणि इक्वलायझेशन माझ्यासमोर बंद करून घेतलं. १६ सेल, प्रत्येकी ३.६५ व्होल्टच्या वर जायला नको, हे त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं. आपल्या प्रॅक्टिकलच्या सरांना आनंद झाला असता.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. चवथीला सगळे आलेले, आरती चालू आणि वीज गेली. सगळी वस्ती काळोखात. आमच्याकडे पंखासुद्धा थांबला नाही, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालची माळ तशीच पेटती. कुणाला कळलंच नाही, बाबलोच्या धाकटीने बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. आरती संपल्यावर काका आपल्या बाजूचा चार्जर घेऊन आले. बाबा गेल्यापासून ते मधलं दार ओलांडून आले नव्हते, तुला माहीत आहे का ते. बाबांच्या खोलीतल्या बॅटरीच्या पेटीसमोर उभे राहून पडद्यावरचे आकडे बघत राहिले.

"रात्रभर पुरतं?"
"पुरतं."
"पाऊस असला तरी?"
"चार तास वीज आली की भरते, काका."

मग म्हणाले, "वशाने असलंच काहीतरी केलं असतं." बाबांचं नाव त्यांच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकलं, उदय. सहीचा विषय मीच काढला. म्हणाले, तुळशीचं लग्न होऊ दे, बघू.

ते बघतील की नाही, हीच काळजी आहे. त्यांची तब्येत पूर्वीची राहिलेली नाही. त्यांच्या मागे एका सहीच्या जागी चार होतील, मुलगा दुबईला, मुलगी बंगळुरूला, दोघांचे जोडीदार धरून. मग कागद जमवता जमवता पॅनेलचं आयुष्य सरेल. पण अनुदानासाठी म्हातारपणी त्यांच्यामागे कागद घेऊन फिरणंही मला जमत नाही. आता कुठे दार उघडलंय. तुला दोन्ही भाऊ माहीत आहेत, भांडणाचं मूळही माहीत आहे. मी थांबू की विचारू? पॅनेल वर्षभर उशिरा आले तर चालतील, हे मला पटतं. काकांना राग आला तर चालणार नाही.

तुमच्या डिचोलीच्या घरची इन्व्हेंटरी तू कशी संपवलीस, कुठला वकील, किती काळ लागला, ते सविस्तर लिही. लेकीची बारावी कशी चालली आहे? नवीन नोकरीत बस लांबची पडते का? वहिनींना नमस्कार सांग, काजूगर निघाले की पाठवतो.

आणि मल्टिमीटर घेऊन ये.

तुझा,
प्रकाश