वस्तीत येणाऱ्या ताई-दादांचे आभार

आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यांना शिकवणाऱ्या, खेळवणाऱ्या कॉलेजच्या ताई-दादांनो, तुमचे मनापासून आभार. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास सेवा करायची असते. तुमचे तास केव्हाच भरले, तरी तुम्ही येत राहिलात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ पर्यंत चढतो, तेव्हा तुम्ही सकाळी सहालाच वर्ग घेतलात.

याच शहरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं काम उभं केलं. त्यांचं नाव झालं, व्हायलाच हवं होतं. पण मैदानाच्या कडेला बसून सोललेलं ढोपर धुणाऱ्यांचा फोटो कुठे छापून येत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची शाळा नववीतच सुटली होती. तिच्या आईला समजवायला तुम्ही किती वेळा आलात! शाळा सोडल्याचा दाखला काढायला तुमच्यातलीच एक ताई तिच्यासोबत हेलपाटे घालत होती. आता १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा, फॉर्म भरून पोरगी दहावीला बसतेय. भूमितीची धास्ती आहे तिला, तेवढं बघा.

तिच्या आईने तुम्हा सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलंय. नक्की या.