पेटीतले कागद मीच नेले

नागपूर, 21 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बबलू, पत्र मोठ्यानं वाच. आई चुलीपाशी असेल तर तिला आधी खाली बसव. आणि मधलं काही गाळू नको, तुझी ती सवय मला माहीत आहे.

आई, संक्रांतीला तू पेटी उघडशील, वाणाच्या दिवशीचं लुगडं काढायला. तळाशी हात घालशील आणि निळी पिशवी लागणार नाही. तुझ्या काळजात धस्स व्हायच्या आधी सांगते, ती मीच नेली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तू ओसरीवर पोरांना बोजारा वाटत होतीस, बाबा मारुतीच्या पारावर होते, तेव्हा काढली. चोरी म्हणशील तर चोरीच. चार महिने झाले, रोज रात्री एकदा तरी आठवते. पण तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस आणि तू नाही म्हटल्यावर माझा हात पेटीकडे गेला नसता. म्हणून विचारलं नाही.

त्या पिशवीत माझ्या सिकलसेलच्या दुखण्याचे, दवाखान्याचे सगळे कागद होते. लहानपणापासूनचे 17 वेळा भरती झाल्याचे, रक्त चढवल्याच्या चिठ्ठ्या, इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे सिकलसेल ओळखायच्या रक्ततपासणीचा, पहिला रिपोर्ट. तू एकही फेकला नाहीस, आई. वाचता येत नसून तारखेप्रमाणे लावून ठेवलेस. कामी आले ते तेवढ्यामुळेच.

आता मुद्द्याचं. दिव्यांगाच्या दाखल्यासाठी मी अर्ज केला होता. आषाढात तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "एकदा कागदावर चढलं का पुसत नाही मंग. कोन पाहाले येईन तुले?" मी गप्प बसले. बाबा उठून बाहेर गेले. त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं की अर्ज तोवर होऊन गेला होता आणि उत्तरही आलं होतं. 30 टक्के अपंगत्व. तेही तात्पुरतं. सवलत म्हणून जे काही आहे ते 40 टक्क्यांपासून पुढे. म्हणजे कागद मिळाला, पण हाती काही लागलं नाही.

मी दिवसभर दुकानात लोकांचे हेच फॉर्म भरते. स्वावलंबनच्या साइटवर आधार टाका, फोटो टाका, दवाखाना निवडा. कुणाचा पाय नसतो, कुणाचं पोरगं ऐकत नाही. त्यांना मी सांगते, जुने कागद सगळे घेऊन जा, काही सोडू नका. आणि स्वतःच्या तपासणीला मी फक्त एक रिपोर्ट घेऊन गेले, कारण बाकीचे तुझ्या पेटीत होते आणि मागायची हिंमत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी त्या दिवशीचं हिमोग्लोबिन पाहिलं आणि विचारलं, चालता-फिरता येते ना? मी म्हटलं, येते. त्या दिवशी येतच होतं. बाबा, तुम्हाला माहीत आहे, आपलं दुखणं असंच आहे. आज पोरगी धानाच्या बांधीवर उभी दिसते आणि रात्री दोन वाजता तिला उचलून न्यावं लागते. टेबलापलीकडच्या माणसाला रात्रीचे दोन कसे दिसणार?

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. 30 दिवसांच्या आत मला माझ्याच तपासणीची प्रत मिळाली. आधी किती वेळा भरती, किती वेळा रक्त, त्या जागा कोऱ्या होत्या. एक शब्द नाही. ते पाहून मला राग नाही आला, मोकळं वाटलं. माझं दुखणं खोटं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं, ते लिहिलंच गेलं नव्हतं.

मग पोळ्याला आले, पिशवी घेतली, आणि सप्टेंबरात अपील टाकलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 आहे, दाखला देणाऱ्यांचा निर्णय पटला नाही तर अपील करता येते. भांडण नाही ते, आई. कुणी माझ्यावर चिडणार नाही, कुणी औषध बंद करणार नाही. ही भीती तू मनातून काढ. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला फेरतपासणीला बोलावलं आहे. तेव्हा हे पत्र परवानगी मागायला नाही. झालेलं सांगायला आहे.

त्याच कायद्यात 21 प्रकारचे आजार आणि अपंगत्वं आहेत आणि सिकलसेल त्यात नावानं लिहिलेला आहे. आधीचा कायदा 1995 चा, त्यात सातच होते, रक्ताचा एकही नव्हता. दादा असताना आपल्याकडे कागदावर या दुखण्याला नावही नव्हतं. माझ्या वेळी आहे. मग मी ते का लपवू?

बाबा, तुम्ही पारावर सांगता की दाखला झाला का पोरीला सरकारी नोकरी लागते. तसं सांगू नका. नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांत रक्ताचे आजार धरलेले नाहीत. पण सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के जागा आहेत, तिथे आपण धरले जातो, आणि वयातही 5 वर्षांची सूट आहे. मला बी.एड. करायचं आहे. दुकानातल्या खुर्चीवर दहा तास बसून माझं अंग आखडते, शाळेत फळ्यापाशी उभी राहीन, बसेन, फिरेन. एसटीत 75 टक्के सवलत मिळते, म्हणजे महिन्यातून एकदा नाही, दोनदा येऊ शकेन. आणि संजय गांधी निराधारचे पैसे दिव्यांगांना ऑक्टोबरपासून 1,500 चे 2,500 झाले. ते आज मला नकोत, मी कमावते, आणि घराचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत असलं तरच ते मिळतात. पण पुढे अंगानं साथ दिली नाही तर बबलूच्या संसारावर माझा भार नको, एवढाच विचार.

तुम्ही म्हणाल, आपण कोनाचं फुकट खाल्लं नाही. खरंच नाही खाल्लं. बोडीच्या तळ्याखालची बांधी दवाखान्यापायी हातची गेली, ते मी आज काढत नाही, तुम्हीही काढू नका. पण बाबा, तसं पुन्हा एकदा करावं लागू नये म्हणूनच हे सगळं करून राहिले आहे.

एक गोष्ट फोनवर सांगितली नाही. दसऱ्याच्या सुमारास उजव्या खुब्यात कळा येत होत्या, डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. खुब्याच्या हाडाच्या टोकाला रक्त थोडं कमी पोचते असं निघालं. या आजारात ते होते, माझ्या ओपीडीतल्या दोघी-तिघींना आहे. ऑपरेशन सांगितलेलं नाही. जिने कमी चढायचे, वजन उचलायचं नाही, सहा महिन्यांनी परत दाखवायचं. मी खोली बदलून तळमजल्यावर घेतली, म्हणून भाडं वाढलं. दुसरं काही कारण नव्हतं. हा रिपोर्टही मागाहून अपिलाला जोडला आहे. आई, रडू नको. बबलू, तिला पाणी दे.

खोली चांगली आहे. खिडकी दक्षिणेला, दुपारभर ऊन येते. घरमालकीणबाई सकाळी बादलीभर गरम पाणी देतात. तू शिवलेली वाकळ अंगावर असते, वरून ब्लँकेट, पायात मोजे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी एक दिवस चुकली नाही, फॉलिक अॅसिडही. पाण्याची दोन लिटरची बाटली टेबलावर असते, ती संध्याकाळपर्यंत रिकामी करते. तू पाठवलेली लाखोळीची डाळ अजून आहे. परवा सांबारवडी केली, तुझ्यासारखी नाही झाली, फुटली, पण दोन खाल्ल्या.

थंडी वाढली की मला नागभीडची छोटी गाडी आठवते. बाबा, तुम्ही मला खांद्यावर टाकून नागपुरात इतवारी स्टेशनला उतरायचे. सारा रस्ता डब्यात माझे पाय तुमच्या बंडीच्या आत, पोटाशी धरलेले. मी विचारायची, आता किती राहिलं? तुम्ही दर वेळी म्हणायचे, हे काय, आलंच. तासन्‌तास "आलंच". ती गाडी बंद झाली, आणि मला मात्र अजून कळ आली की तेच ऐकू येते.

आई, आता तुझ्याशी. तू कधी बोलली नाहीस, पण मोठ्या आत्याला सांगताना मी ऐकलं होतं. त्या दिवाळीतल्या ग्रहणात, मी पोटात असताना, धान कापायला मजूर मिळाले नाहीत म्हणून तू विळा चालवलास, आणि म्हणून पोरीच्या रक्तात विळे आले. तीस वर्षं हे घेऊन तू जगलीस? आई, ते ग्रहण ऑक्टोबर 1995 चं. दादा त्याच्या चार वर्षं आधीचा. त्याच्या वेळी कुठलं ग्रहण होतं? रक्ताच्या पेशी वाकतात म्हणून डॉक्टर विळ्याची उपमा देतात, तुझ्या विळ्याशी त्याचा संबंध नाही. तू वाहक, बाबा वाहक, तुम्हा दोघांना कधी काही झालं नाही म्हणून कळायला मार्ग नव्हता. दोघं वाहक असले की प्रत्येक लेकराच्या वेळी चार चिठ्ठ्या पडतात, एक आजाराची, दोन वाहकाच्या, एक कोरी. मला जी आली ती आली. त्यात तुझा हात नव्हता. तू कापलेल्या त्या धानाचाच भात आम्ही खाल्ला.

आणि पाहायला येणाऱ्यांचं म्हणशील, तर ज्याला यायचं त्यानं दाखला वाचून यावं. मला लपवून केलेलं लग्न नको. पहिल्या हिवाळ्यात कळेलच ना त्यांना.

आता दोघांनीही नीट ऐका. बबलूची रक्ततपासणी झालीच पाहिजे, संक्रांतीच्या आत. ग्रामीण रुग्णालयात होते, पैसे लागत नाहीत. तो वाहक निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण ज्या मुलीचं स्थळ आलं आहे तिचीही तपासणी करायची, बोलणी पुढे नेण्याआधी. मामांना वाईट वाटलं तर माझं नाव सांगा. आई, बीपीची गोळी बरं वाटते म्हणून सोडायची नाही. मोजून ठेवल्या आहेत, आल्यावर मोजून पाहीन. बाबा, मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे ढकलली, आता नाही. धान चुरून झालं, आता कोणतं काम अडलं आहे? आणि पहाटे बोडीवर जायचं नाही, इतक्या धुक्यात रानडुक्कर दिसत नाही.

फेरतपासणीला तुम्ही यायचं नाही, बाबा. पहाटेच्या बसनं तर नाहीच. मैत्रीण सोबत आहे. या वेळी सगळे कागद आहेत, आणि विचारलं चालता येते का, तर मी सांगेन, आज येते, आणि कोणत्या 17 वेळा आलं नव्हतं ते यात आहे.

पिशवीत अठरावा कागद होता, आई. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. ताप, रक्त कमी, सांधे दुखतात, एवढंच लिहिलं आहे. खाली बाबांची सही, वर दादाचं नाव. तो मी कुठे जोडला नाही, झेरॉक्सही काढली नाही. प्लॅस्टिकमध्ये घालून माझ्या कपाटात ठेवला आहे. येताना परत आणते. तुझ्या हातात देते.

तुमची,
बेबी