चॅसिस कंपनीची, बॉडी आपली

बंगळूर

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कंप्युटरची पेटी बाजारात चार-पाच हजारांत मिळते, मग तू इतके दिवस पत्रा का कापत बसलीयस?" तेव्हा आवाज तुटत होता म्हणून धड उत्तर देता आलं नाही. शिवाय हे लिहूनच सांगावं असं वाटलं, कारण निम्मं उत्तर तुमच्याकडूनच मला मिळालेलं आहे.

एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये चॅसिस कशा यायच्या ते तुम्ही लहानपणी सांगायचात. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग सगळं लेलँडचं नाहीतर टाटाचं. ड्रायव्हर तोंडाला फडकं गुंडाळून ऊन-वारा खात ती उघडीच चालवत आणायचा. म्हणजे गाडी धावायची, पण त्या गाडीत कुणी म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई बसू शकत नव्हती. माणसं बसतील अशी ती व्हायची तुमच्या हातून. "चॅसिस कंपनीची, बॉडी आपली," असं तुम्ही म्हणायचात.

कंप्युटरचंही तसंच आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय हे सगळं कंपन्यांचं. नुसतं टेबलावर मांडून तारा जोडल्या तरी मशिन सुरू होतं. माझं तसं चाललंही होतं. पण धूळ बसते, पाल फिरते, चुकून पाण्याचा पेला कलंडला की संपलं. आणि माझं काम रात्रभर चालणारं. इमारतींची थ्रीडी चित्रं तयार होत असताना ग्राफिक्स कार्ड एकटंच २०० वॅट खातं, आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर काढायची तर वारा कुठून येणार आणि कुठून जाणार हे ठरवणारी बॉडी लागते. ती मला विकत घ्यायची नव्हती. तुमच्या लेकीने बांधायची, तर लाल एसटीच बांधायची.

माप फुटाला इंच असं धरलं. बसची रुंदी आठ फुटांच्या थोडी वर, म्हणून माझी सव्वाआठ इंच. उंची दहा इंच. त्यात १७० मिलिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स जातीचा मदरबोर्ड फरशीवर आडवा छान बसतो. नेहमीचा मोठा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, तो या रुंदीत मावलाच नसता. लांबी मात्र मापाप्रमाणे तीन फूट झाली असती आणि टेबल अडलं असतं, म्हणून दोन फुटांवर आणली. बाबा, तुम्ही आधी खिडक्याच मोजाल, म्हणून सांगून ठेवते: मधल्या खिडक्या कमी केल्या आहेत. पण समोरचा चेहरा, काचेची उंची आणि खिडक्यांची रांग मापातच आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की एसटीचं प्रत्येक अंग इथे खरंच कामाला येतं, नुसतं शोभेला म्हणून काही लावावं लागलं नाही. रेडिएटरच्या जाळीमागे ९२ मिलिमीटरचे दोन पंखे शेजारी शेजारी बसवले, ते बाहेरचा गार वारा आत ओढतात. ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या खिडक्यांना काचेऐवजी बारीक जाळी आहे; ग्राफिक्स कार्ड त्यांना लागूनच उभं केलंय, ते तिथून श्वास घेतं. गरम हवा मागच्या संकटकालीन खिडकीतून पंख्याने बाहेर. टपावर सामानाचं कॅरिअर आहेच, त्याखालच्या पत्र्याला भोकं पाडून वर चढणाऱ्या उष्णतेला वाट दिली. आत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडा जास्त ठेवलाय, म्हणजे फटींमधून हवा बाहेरच ढकलली जाते आणि धूळ फक्त गाळणी लावलेल्या जागीच अडकते. डाव्या अंगाला सामानाच्या डिकीचं झाकण उचललं की आत यूएसबी आणि नेटवर्कची सॉकेटं. मदरबोर्डची ही पट्टी साधारण १५९ मिलिमीटर लांब आणि ४४ उंच असते, म्हणजे डिकीच्याच आकाराची! कागदावर पहिल्यांदा ते जुळलं तेव्हा रात्री एकटीच खुर्चीतून उठून नाचले.

सामान जमवायला बंगळूरसारखं गाव नाही. एस. पी. रोडला कंप्युटरचे सुटे भाग आणि तिथून जवळच जे. सी. रोडला गाड्यांचे. काचेचं रबर बीडिंग, दुचाकीचे छोटे इंडिकेटर, लाल-पिवळे रिफ्लेक्टर सगळं तिथेच मिळालं. बसची इलेक्ट्रिक २४ व्होल्टची, पण दुचाकी आणि कारची १२ व्होल्टची. आणि कंप्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी तारही १२ व्होल्टच देते. त्यामुळे दिवे मधे काही न लावता सरळ त्यावर पेटतात.

आई, तू शॉकची काळजी करतेस ते बरोबरच आहे, अख्खी पेटी धातूची आहे. तीन पिनांची तार अर्थिंगसकट लावलीय, आणि पॉवर सप्लाय जिथे स्क्रूने आवळलाय तिथला रंग मुद्दाम खरवडून धातूला धातू टेकवलाय, कारण रंगातून वीज वाहत नाही. मल्टिमीटर लावून पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत तपासलं. आणि चालू करायचं बटण कुठे आहे सांगू? बटणच नाही. कंडक्टरच्या घंटीची दोरी आहे. कंप्युटर सुरू करायला दोन तारांचा क्षणभर संबंध आला की पुरतं, म्हणून दोरीच्या टोकाला छोटा स्विच बांधला. एकदा ओढली की गाडी सुरू. मशिन अडकलंच, तर चार सेकंद ओढून धरायची, मग बंद होतं.

आता पत्र्याचं, जे फक्त बाबांशीच बोलता येईल. अॅल्युमिनियमचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतलाय. नवीन गाड्यांना माइल्ड स्टील असतं हे माहीत आहे, पण तुमचा हात अॅल्युमिनियमवर बसलेला आणि मला तोच आवाज ओळखीचा. भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, कानशीने काढायची. रिव्हेट मारताना मधून सुरुवात करून कडेला सरकायचं, नाहीतर पत्र्याला पोट येतं. हे तुम्ही मला कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं. वर्कशॉपच्या गोष्टी सांगताना तोंडातून निघून गेलेलं, ते हातात हातोडी आल्यावर आठवलं. डाव्या बाजूचा पत्रा आरशासारखा सपाट बसलाय. त्यावर हात फिरवताना मनात आलं, तीस वर्षं रोज असे पत्रे बसवून तुम्ही घरी यायचात आणि रस्त्यावरच्या बसमध्ये तुमचं नाव कुठेच नसायचं. हजारो माणसं तुमच्या पत्र्याला डोकं टेकवून झोपली, बाबा. मला याचा फार अभिमान आहे, आणि तो तुम्हाला कधी बोलून दाखवला नव्हता, म्हणून इथे लिहिते.

आता दोन कामं तुमच्यासाठी.

आई, पाटी तू लिहायचीस. तुझ्या बालवाडीच्या फळ्यावरचं अक्षर मला तसंच्या तसं हवंय. "पुणे – नगर" एवढंच, जाड टोकाच्या पेनाने कोऱ्या कागदावर लिहून फोटो पाठव, मी इथे त्यावरून कापून घेते. मार्ग हाच का, ते तुला कळेलच: तुझं माहेर नगरचं, आणि १ जून १९४८ ला पहिली एसटी सुटली तीही याच मार्गावर, लाकडी बॉडी आणि कापडी छताची.

बाबा, अडलंय ते कपाळापाशी. काचेच्या वरचा पत्रा आडवाही वळतो आणि उभाही. इथलं बेंडिंग मशिन एकाच दिशेला वाकवतं. डेंटिंगवाला तयार आहे, पण तो पुटी भरून गोलाई आणणार, आणि पुटी भरलेला पत्रा तुम्हाला चालायचा नाही, मलाही नाही. तो पत्रा लाकडी मोगरीनेच ठोकून काढायला हवा. वाळूची पिशवी मी शिवून ठेवलीय, जास्तीचा पत्राही आणलाय. लाल रंग कपाळ झाल्यावरच मारायचा आहे, तोवर सगळं प्रायमरवर थांबवलंय.

तेव्हा मोगरी आणि तुमचा जुना गुण्या घेऊन दोघंही या. उद्यान एक्स्प्रेस सरळ येते, रात्रीचा प्रवास आहे, आईला खालचा बर्थ बघते. गुडघा कसा आहे त्याप्रमाणे तारीख कळवा म्हणजे तिकिटं काढते. येताना आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणा.

तुमची,
मनू