निष्ठावंत, विश्वासू आणि फेथफुल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी व्हॅटिकनच्या एका बातमीत वाचलं की चौकात हजारो निष्ठावंत जमले होते. आता 2022 मध्ये शिवसेना फुटल्यापासून महाराष्ट्रात निष्ठावंत म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं ते सांगायला नको, मला तर क्षणभर वाटलं पोपच्या पक्षातपण दोन गट पडले की काय. मूळ इंग्रजी बातमीत 'द फेथफुल' असणार आणि कोणीतरी घाईत डिक्शनरीतला पहिला शब्द उचलला असणार. अहो, द फेथफुल म्हणजे भाविक! पंढरपूरला जमतात ना, तसे. इथे फेथ म्हणजे धर्मावरची श्रद्धा. पण तेच इंग्रजी पेपरवाले 'पार्टी फेथफुल' लिहितात तेव्हा मात्र निष्ठावंत एकदम बरोब्बर बसतो. म्हणजे शब्द तोच, फक्त कोणावर नाहीतर कशावर ते आधी बघायला पाहिजे, एवढं डेस्कवरच्या मंडळींना जरूर सांगा.

मी बँकेतून रिटायर झालो, आता सोसायटीतली पोरं इंग्रजी विचारायला येतात म्हणून हे डोक्यात घोळत असतं. पोरांच्या तोंडी सध्या एकच शब्द, लॉयल. "सर, तो खूप लॉयल आहे तिला." इंग्रजी सिरीजमध्येपण आता असंच बोलतात म्हणे, त्यामुळे चूक म्हणता येत नाही, पण नवरा-बायकोच्या बाबतीत रुळलेला शब्द फेथफुल. आणि उलटा अनफेथफुल तर रोजच्या बोलण्यात जवळजवळ त्याच एका कामाला उरलाय, "ही वॉज अनफेथफुल" एवढंच म्हटलं तरी बाहेर काहीतरी होतं हे ऐकणाऱ्याला कळतं, पुढे विचारावं लागत नाही. कंपनी, पक्ष, राजा, मित्र असेल तर डिसलॉयल. लॉयलमध्ये बाजू घेणं आलं, पाठीशी उभं राहणं आलं. आता बघा, एखादा नवरा असतो, बाहेर मान वर करून कोणाकडे बघणार नाही, पण चार पाहुणे जमले आणि आईने सुनेच्या आमटीवरून सुरुवात केली की हा पण हसत हसत त्यात मीठ टाकणार, आणि बायको आत कुकरची शिट्टी मोजत सगळं ऐकतेय. हा माणूस फेथफुल आहे, शंभर टक्के, पण लॉयल आहे असं कोण म्हणेल? मराठीत दोन्हीकडे एकनिष्ठ लिहिलं की हा फरक वाहून जातो.

इन्फिडेल आणि इन्फिडेलिटी हा अजून एक खड्डा. दोन्ही फिडेस (म्हणजे श्रद्धा, विश्वास) या लॅटिन शब्दावरून आलेत पण इन्फिडेल म्हणजे काफर, आणि इन्फिडेलिटी म्हणजे लग्नाबाहेरचं लफडं. एका मुलाने निबंधात नवऱ्याला इन्फिडेल केलं होतं, बिचाऱ्याचा धर्मच काढून घेतला.

शिवाय फेथफुल म्हणजे नेहमी श्रद्धा नाहीतर प्रेमच असंपण नाही. अमेरिकेत यलोस्टोन पार्कात गरम पाण्याचा एक गीझर आहे (बाथरूममधला नाही हो, जमिनीतून कारंजं उडतं ते), त्याचं नाव ओल्ड फेथफुल, 1870 मध्ये ठेवलेलं. का, तर ठरल्यासारखा उडतो, हल्ली साधारण दीड तासाने, पाणी शंभर फुटांच्या वर. इथे अर्थ काय, तर न चुकणारा. आणि फेथफुल कॉपी, फेथफुल ट्रान्सलेशन म्हणतात तेव्हा मुळाला धरून असलेलं, पदरचं काही न घातलेलं.

हे सगळं नीट सांभाळलेलं बघायचं असेल तर मंत्र्यांचा शपथविधी ऐका. इंग्रजीत 'ट्रू फेथ अँड अलीजन्स' आहे आणि पुढे 'फेथफुली'. मराठीत पहिल्या ठिकाणी 'खरी श्रद्धा व निष्ठा' केलंय आणि पुढे कर्तव्यं 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने' पार पाडीन. म्हणजे फेथला श्रद्धा आणि फेथफुलीला निष्ठा! ज्याने केलं त्याने विचार करून केलंय, शपथ घेणारे किती विचार करतात तो भाग वेगळा.

शाळेत मात्र आपण 'युअर्स फेथफुली'चं 'आपला विश्वासू' करून टाकलं. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याने विश्वास टाकावा तो, ट्रस्टवर्दी. ते प्रशस्तिपत्रक स्वतःच स्वतःला द्यायचं, तेपण वीज बिलाच्या तक्रारीखाली! ब्रिटिश पद्धत अशी की वर डिअर सर असेल तर खाली फेथफुली, आणि नाव घालून डिअर मिस्टर अमुक असेल तर सिन्सिअरली. निव्वळ शिष्टाचार, त्यात निष्ठा शोधू नये. अमेरिकन लोक तर फेथफुली फारसं लिहीतच नाहीत, सरसकट सिन्सिअरली. आणि आपल्याकडे 'कळावे, लोभ असावा' असं छान असताना हे विश्वासू कशाला हवं होतं कोण जाणे.

फिडेलिटी, म्हणजे फेथफुल असणं, हा शब्द आवाजातपण आहे. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी, मूळ आवाजाला धरून असलेला. वायफाय त्याच चालीवर 1999 मध्ये एका ब्रँडिंग कंपनीने जुळवलेलं नाव, क्विझमध्ये पोरं त्याचा फुल फॉर्म 'वायरलेस फिडेलिटी' ठोकून देतात तो मागाहून चिकटलेला. आणि आमच्या बँकेच्या धंद्यात फिडेलिटी गॅरंटी नावाची इन्शुरन्स पॉलिसी असते, रोकड हाताळणाऱ्या स्टाफने अफरातफर केली तर मालकाचं नुकसान भरून देणारी. आमच्या ब्रँचला तिचं नूतनीकरण आलं की कॅशियर दरवर्षी म्हणायचा, "साहेब, माझ्या फिडेलिटीचा हप्ता भरला का?"

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा